पत्र, खिसा आणि पेटी : ग्रंथालयाच्या कामातील साध्या उपायांचा इतिहास

संस्थेच्या शतकमहोत्सवी ग्रंथात संस्थापकांचे, देणगीदारांचे आणि अध्यक्षांचे स्मरण केले जाते आणि ते उचितच आहे. परंतु ग्रंथालय शंभर वर्षे चालते ते केवळ थोरामोठ्यांच्या आशीर्वादावर नव्हे. सायंकाळी देवघेवीच्या टेबलापाशी दहाबारा सभासद उभे असताना कोणते पुस्तक बाहेर गेले आहे हे चटकन सांगता येणे, नवे कपाट आले म्हणून जुन्या पुस्तकांचे क्रमांक बदलावे न लागणे, लेखकाचे नाव ठाऊक असलेल्या वाचकाला त्याचे पुस्तक ग्रंथपालाच्या स्मरणशक्तीवाचून सापडणे, अशा अनेक बारीकसारीक गोष्टींवर ग्रंथालयाचे दैनंदिन आयुष्य अवलंबून असते. या गोष्टी आता आपल्या इतक्या अंगवळणी पडल्या आहेत, की त्यांनाही इतिहास आहे आणि त्यांपैकी प्रत्येक अडचणीने एके काळी मोठमोठ्या विद्वानांना हैराण केले होते, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

प्रस्तुत लेखात अशा काही अडचणी आणि त्यांवर निघालेले उपाय यांचा परामर्श घेण्याचा विचार आहे. हे उपाय पाहू गेल्यास त्यांत यंत्र नाही की मोठा खर्च नाही. कोठे पत्त्याचे पान, कोठे कागदाचा खिसा, कोठे लाकडी पेटी, तर कोठे बैलगाडी. मात्र या सर्व साध्या उपायांत एक समान सूत्र आढळते. उपाय सापडण्यापूर्वी प्रत्येक वेळी कोणीतरी एखादी जुनी, प्रतिष्ठेची मानलेली गोष्ट सोडून द्यावी लागली. ती सोडण्याची तयारी होईपर्यंत काम अवघड वाटत राहिले आणि ती सोडताच ते सोपे झाले.

बांधलेल्या वहीची अडचण

ग्रंथालयाची यादी म्हणजे एक भक्कम बांधणीची वही, ही कल्पना शतकानुशतके सर्वमान्य होती. वही सुंदर अक्षरात लिहावी, तिला चामड्याची पाठ असावी आणि ती ग्रंथपालाच्या आसनासमोर विराजमान असावी. अडचण एवढीच, की वही पूर्ण होते त्या दिवशीच ती जुनी होते. नव्याने आलेले पुस्तक अकारविल्हे ज्या जागी यावयास हवे तेथे जागा उरलेली नसते. मग समासात बारीक अक्षरात नोंद करावयाची, तीही जागा संपली की चिठ्ठी डकवावयाची, आणि अखेरीस 'पुरवणी यादी' नावाची दुसरी वही उघडावयाची. तीन-चार पुरवण्या झाल्या, की वाचकाने एक पुस्तक शोधण्यासाठी चार वह्या चाळावयाच्या. सगळी यादी नव्याने लिहून काढणे हा एकच उपाय दिसे, आणि ते काम संपेतो पुन्हा शेकडो पुस्तके येऊन पडलेली असत.

या अडचणीतून वाट निघाली ती फ्रान्समध्ये, आणि तीही राज्यक्रांतीच्या धामधुमीत. १७८९ च्या अखेरीस क्रांतिकारक सरकारने धर्मसंस्थांची मालमत्ता राष्ट्राच्या मालकीची केली. तिच्याबरोबर मठांतील अगणित ग्रंथही सरकारच्या पदरी पडले. देशभर विखुरलेल्या या ग्रंथांची एक यादी करावयाची होती. काम करणारी माणसे ठिकठिकाणची आणि बहुतेक अननुभवी होती. प्रत्येकाने आपापल्या वहीत यादी केली असती, तर त्या वह्या एकत्र करणे हे दुसरे महाकठीण काम होऊन बसले असते. १७९१ मध्ये निघालेल्या सरकारी सूचनांनी वहीच रद्द केली. प्रत्येक ग्रंथाची नोंद खेळण्याच्या पत्त्याच्या एकेका पानावर करावी असे ठरले. त्या काळी पत्त्यांची पाठ कोरी असे. पाने जाड, एकाच आकाराची आणि कोणत्याही गावात सहज मिळणारी. लांबलचक शीर्षकांसाठी एक्के आणि दुऱ्या राखून ठेवाव्यात, अशीही सूचना होती. कारण या पानांच्या चित्राच्या बाजूसही कोरी जागा पुष्कळ असते! सर्व पाने क्रमाने लावून त्यांच्या कोपऱ्यातून दोरा ओवावयाचा आणि पॅरिसला पाठवावयाची, अशी ही योजना होती.

फ्रान्सची ती राष्ट्रीय यादी पुढे पूर्णत्वास गेली नाही. पण नोंद सुटी असावी, म्हणजे ती हवी तेथे घालता येते आणि नको तेव्हा काढता येते, हे तत्त्व मात्र टिकले. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील ग्रंथालयांनी ते उचलून धरले. ७.५ बाय १२.५ सेंटिमीटर हा तालिकापत्राचा आकार रूढ झाला आणि जगभरच्या लाकडी खणांची रुंदी त्याने ठरवून टाकली. १९०१ पासून अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने छापील पत्रे इतर ग्रंथालयांस विकत देण्यास आरंभ केला. त्यामुळे एकदा केलेले तालिकीकरण शेकडो ठिकाणी उपयोगी पडू लागले.

या बदलास विरोध झाला नाही असे नाही. सुटी पत्रे हरवतील, वाचक ती काढून नेतील, त्यांचा क्रम चुकेल, या शंका अगदीच निराधार नव्हत्या. म्हणूनच पत्रांच्या खालच्या बाजूस भोक पाडून त्यातून धातूची सळई घालण्यात आली. दोऱ्याची जागा सळईने घेतली, एवढाच काय तो फरक. पण खरा अडसर मनाचा होता. बांधीव वहीला जो भारदस्तपणा होता तो चिटोऱ्यांच्या खणाला नव्हता, आणि भारदस्तपणा सोडून देणे हे विद्वानांनाही सोपे जात नाही.

कपाटाचा क्रमांक आणि पुस्तकाचा क्रमांक

दुसरी अडचण मांडणीची. जुन्या पद्धतीत पुस्तकाचा क्रमांक म्हणजे त्याच्या जागेचा पत्ता असे. 'कपाट ४, फळी ३, पुस्तक १२' असे एकदा ठरले, की ते पुस्तक कायम तेथेच राहावयाचे. मोजक्या ग्रंथांच्या राजवाड्यातील संग्रहाला ही पद्धत सोयीची होती. परंतु ग्रंथसंग्रह वाढू लागला की तिचे दोष उघडे पडत. इतिहासाचे कपाट भरले, तर इतिहासाचे नवे पुस्तक नाइलाजाने वैद्यकाच्या शेजारी जाऊन बसावयाचे. सर्व इतिहास पुन्हा एकत्र आणावयाचा झाला, तर प्रत्येक पुस्तकावरील चिकटपट्टी आणि यादीतील प्रत्येक आकडा बदलावा लागे. ग्रंथालयाने जागा बदलली तर विचारावयासच नको.

१८७३ मध्ये अमेरिकेतील ॲमहर्स्ट महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करणाऱ्या मेल्व्हिल ड्यूई या विद्यार्थ्याने या प्रश्नाचा विचार केला. एका रविवारी चर्चमध्ये लांबलेले प्रवचन कानावर पडत असताना आपणास युक्ती सुचली, असे त्याने पुढे आठवण सांगताना लिहिले आहे. युक्ती अशी, की आकडा फळीला द्यावयाचा नाही, विषयाला द्यावयाचा. आणि तो दशांश अपूर्णांकासारखा वापरावयाचा, म्हणजे कोणत्याही दोन आकड्यांच्या मध्ये तिसरा घालण्यास जागा राहते. १८७६ मध्ये त्याची ४४ पानांची पुस्तिका, लेखकाचे नाव न घालता, प्रसिद्ध झाली. तेव्हापासून पुस्तकाला ठरलेली जागा उरली नाही, फक्त शेजारी उरले. कपाट कोणतेही असो, एकाच विषयाची पुस्तके एकमेकांच्या लगत राहणार हे निश्चित झाले. आजही अनेक ग्रंथालयांत मराठी साहित्यग्रंथांच्या पाठीवर दिसणारा ८९१.४६ हा आकडा त्याच पुस्तिकेच्या वंशातला आहे.

तथापि या साध्या उपायाची मर्यादाही नमूद केली पाहिजे. ड्यूईने धर्म या वर्गातील बहुतेक घरे ख्रिस्ती धर्माला दिली आणि इतर सर्व धर्मांना शेवटच्या एका घरात दाटीवाटीने बसविले. भारतीय भाषांचीही तीच गत. मराठीचा आकडा दशांशचिन्हापलीकडे लांबतो तो याचमुळे. उपाय साधा असला तरी तो ज्याच्या घरात जन्माला येतो त्या घराचे माप घेऊनच येतो, आणि तो आपल्या घरी आणताना थोडी कापणी-शिवणी करावी लागते. ती कोणी केली, हे पुढे येईलच.

देवघेवीचे टेबल

आता वाचकांना सर्वांत परिचित असलेल्या जागेकडे वळू. पुस्तक घरी देण्याची प्रथा सुरू होताच नोंदीचा प्रश्न उभा राहिला. आरंभी प्रत्येक सभासदाला खतावणीत एक पान दिले जाई. कोणत्या सभासदाकडे काय आहे, हे त्यावरून लगेच कळे. पण अमुक एक पुस्तक कोणाकडे आहे, हे शोधण्यासाठी सगळी वही उलटावी लागे. म्हणून काही ठिकाणी पुस्तकवार खतावणी ठेवून पाहिली. तेव्हा पुस्तक कळू लागले, पण सभासदाचे खाते कळेनासे झाले. दोन्ही वह्या ठेवल्या तर प्रत्येक पुस्तकामागे दोनदा लिहावयाचे आणि परत आल्यावर दोनदा खोडावयाचे. शिवाय मुदत कोणाची संपली, हा तिसरा प्रश्न शिल्लकच राही. तिन्ही प्रश्नांची उत्तरे देणारी वही तयार करण्याच्या नादात लेखनिकांचे हात आणि सभासदांचे पाय दुखू लागले.

१८९५ च्या सुमारास अमेरिकेतील नीना ब्राउन या ग्रंथालयशास्त्र जाणणाऱ्या बाईंनी जी पद्धत मांडली तीत लिहिणेच जवळजवळ नाहीसे झाले. प्रत्येक पुस्तकात एक लहानसे पुस्तकपत्र ठेवावयाचे. प्रत्येक सभासदाला त्याच्या नावाचे कागदी खिसे द्यावयाचे. जितकी पुस्तके नेण्याचा अधिकार, तितके खिसे. सभासद पुस्तक घेऊन आला, की पुस्तकातील पत्र काढून त्याच्या खिशात घालावयाचे, तारीखचिठ्ठीवर शिक्का मारावयाचा, आणि ती जोडी परतीच्या तारखेच्या मागे क्रमाने लावून ठेवावयाची. पुस्तक परत आले, की पत्र पुस्तकात आणि खिसा सभासदाच्या हाती. खिसा हातात आला याचाच अर्थ खाते चुकते झाले.

या पद्धतीतही काही सोडावे लागले आहे. अमुक सभासदाने वर्षभरात काय काय वाचले, याची कसलीही नोंद तीत राहत नाही. खतावणीच्या अभिमान्यांना ही मोठीच उणीव वाटली असेल. पण ती माहिती टेबलावर कोणाला हवी होती? पुस्तक बाहेर आहे का, आणि केव्हा येणार, हेच तेथे विचारले जाते. जो प्रश्न कोणी विचारत नाही त्याचे उत्तर लिहून ठेवण्यात पूर्वी निम्मा वेळ जात होता.

अशाच जातीची एक युक्ती अनेक मराठी वाचनालयांत दिसते. परत आलेली पुस्तके त्याच दिवशी कपाटात लावण्याची घाई न करता ती टेबलालगतच्या एका फळीवर ठेवली जातात. सेवकाचे श्रम वाचावेत एवढाच तिचा हेतू असतो. पण अनुभव असा, की पुष्कळ सभासद आपले पुढचे पुस्तक त्या फळीवरूनच उचलतात आणि कपाटांपुढील गर्दीही आपोआप कमी होते. ही फळी कोणत्या शास्त्रग्रंथातून आली नाही. टेबलामागे उभे राहणाऱ्यानेच ती कधीतरी सुरू केली असली पाहिजे.

बडोद्याची पेटी

आतापर्यंतच्या अडचणी ग्रंथालयाच्या चार भिंतींतल्या होत्या. परंतु ज्या वाचकापर्यंत भिंतीच पोहोचत नाहीत त्याचे काय करावयाचे? या प्रश्नाला आपल्याकडे सर्वांत व्यापक उत्तर मिळाले ते बडोदे संस्थानात, आणि म्हणून महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाला त्याचा विशेष जिव्हाळा वाटावा हे स्वाभाविक आहे.

नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या गावी १८६३ मध्ये जन्मलेले गोपाळराव १८७५ मध्ये दत्तक जाऊन तिसरे सयाजीराव गायकवाड झाले आणि १८८१ मध्ये त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. १८९३ मध्ये अमरेली भागात त्यांनी सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संस्थानभर लागू केला. येथेच एक नवी अडचण समोर आली. चार इयत्ता शिकून शेतावर गेलेल्या मुलाच्या हाती पुन्हा पुस्तक पडले नाही, तर काही वर्षांत तो अक्षरे विसरतो आणि शाळेवरचा खर्च पाण्यात जातो. म्हणजे शाळेच्या पाठोपाठ गावात वाचनालय हवे. पण संस्थान एकसंध नव्हते. बडोदे, कडी, नवसारी आणि अमरेली हे प्रांत गुजरात-काठेवाडात विखुरलेले आणि मध्ये परका मुलूख. लोकसंख्या वीस लाखांच्या घरात. गावोगाव इमारती बांधणे, ग्रंथ घेणे आणि ग्रंथपाल नेमणे कोणत्याही खजिन्याच्या आवाक्याबाहेरचे होते.

१९०६ च्या अमेरिकाप्रवासात महाराजांनी तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहिली होती. १९१० मध्ये त्यांनी न्यू हेवन येथील ग्रंथपाल विल्यम ॲलन्सन बॉर्डन यांना बडोद्यास बोलाविले. बॉर्डन १९१३ पर्यंत येथे होते. त्या तीन वर्षांत स्वतंत्र ग्रंथालय खाते निघाले आणि राजवाड्यातील महाराजांच्या खासगी संग्रहाच्या सुमारे वीस हजार ग्रंथांतून मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले. १९११ मध्ये ग्रंथपालांसाठी शिक्षणवर्ग सुरू झाला. ड्यूईची दशांश पद्धत आणि कटर या दुसऱ्या अमेरिकन ग्रंथपालाची पद्धत यांचा मेळ घालून बॉर्डन यांनी बडोद्यासाठी निराळे वर्गीकरण तयार केले. वर उल्लेखिलेली कापणी-शिवणी ती हीच. १९१२ मध्ये निघालेल्या 'लायब्ररी मिसेलनी' या नियतकालिकात इंग्रजीबरोबर गुजराती आणि मराठी मजकूरही असे. हे कार्य पुढे नेणारे ज. स. कुडाळकर, न्यूटन मोहन दत्त आणि मोतीभाई अमीन यांची नावे येथे आदराने घेतली पाहिजेत. मोतीभाईंनी तर बॉर्डन येण्यापूर्वीच मित्रमंडळाच्या द्वारे गावोगाव वाचनालये काढण्यास प्रारंभ केला होता.

गावाच्या प्रश्नाला त्यांनी दिलेली उत्तरे दोन. पहिले उत्तर पैशाचे. ग्रामस्थांनी वर्षाला जेवढी वर्गणी जमवावी तेवढीच रक्कम प्रांत पंचायतीने आणि तेवढीच सरकारने द्यावी, असा नियम झाला; गावासाठी ही मर्यादा शंभर रुपयांची होती. या एका नियमाने कितीतरी गुंतागुंतीचे प्रश्न मिटले. कोणत्या गावाला वाचनालय द्यावे, हे अधिकाऱ्याने ठरविण्याचे कारण उरले नाही. ज्या गावाने आपला तिसरा हिस्सा जमविला ते गाव आपणहून पुढे आले. आणि ज्याचे पैसे गुंतले आहेत तो पुस्तकांची निगा राखतो, हे सांगावयास निरीक्षक लागत नाही.

दुसरे उत्तर पेटीचे. ज्या गावात अद्याप वाचनालय नाही, किंवा आहे पण पुस्तके थोडी आहेत, तेथे पंधरा ते तीस पुस्तकांची लाकडी पेटी पाठवावयाची. शाळामास्तर किंवा गावातील अन्य जबाबदार व्यक्तीने ती ताब्यात घ्यावयाची आणि वाचून झाल्यावर परत पाठवून दुसरी मागवावयाची. वाहतुकीचा खर्च खात्याने सोसावयाचा. इमारत नको, कपाट नको. पेटी उघडली की तेच कपाट.

ही कल्पना बडोद्याची स्वतःची नव्हे, हे सांगण्यात कमीपणा नाही. स्कॉटलंडमधील हॅडिंग्टन येथे सॅम्युएल ब्राउन या गृहस्थाने १८१७ मध्ये पन्नास-पन्नास पुस्तकांचे संच करून ते दोन-दोन वर्षांनी एका गावाहून दुसऱ्या गावी फिरविले होते. १८९३ मध्ये ड्यूईने न्यूयॉर्क राज्यात फिरती ग्रंथालये सुरू केली. बडोद्याचे वैशिष्ट्य असे, की तेथे पेटी हा तुटक धर्मादाय उपक्रम राहिला नाही. सक्तीचे शिक्षण, तृतीयांशाचा नियम, प्रशिक्षित ग्रंथपाल आणि पेटी ही एकाच साखळीची कडी होती. पेटीत घालावयास देशी भाषांत पुस्तकेच कमी, हे ध्यानात येताच महाराजांनी दोन लाख रुपयांचा निधी वेगळा काढला आणि त्यातून सयाजी साहित्यमाला व बालज्ञानमाला यांचे ग्रंथ निघाले. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी चित्रदर्शनाची शाखा काढली. एक अडचण सोडविली की तिच्या आड दडलेली दुसरी दिसते आणि तीही त्याच साधेपणाने सोडवावी लागते, याचा हा उत्तम नमुना आहे.

जेथे पेटी पुरी पडली नाही

येथे एक गोष्ट न लिहिता पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. याच संस्थानाने आपली शिष्यवृत्ती देऊन परदेशी पाठविलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ मध्ये शिक्षण अपुरे ठेवून कराराप्रमाणे नोकरीवर रुजू होण्यासाठी बडोद्यास आले. शहरात त्यांना राहावयास जागा मिळाली नाही. पारशी विश्रामगृहात नाव लपवून आश्रय घ्यावा लागला आणि जात उघड होताच तेथूनही त्यांना बाहेर काढण्यात आले. काही दिवसांतच त्यांनी बडोदे सोडले. निघण्यापूर्वीचे तास त्यांना सार्वजनिक बागेत बसून काढावे लागले, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. ज्या महाराजांनी अस्पृश्यांसाठी १८८० च्या दशकातच शाळा काढल्या त्यांच्याच राजधानीत हे घडले.

कार्यपद्धतीची अडचण आणि मनाची अडचण यांतील भेद या प्रसंगाने जितका स्पष्ट होतो तितका अन्य कशाने होत नसेल. पहिल्या जातीच्या अडचणीला पत्र, खिसा किंवा पेटी पुरते. दुसऱ्या जातीच्या अडचणीपुढे नुसता नियमही लंगडा पडतो. नोकरीचा हुकूम काढणे महाराजांच्या हाती होते. शेजाऱ्याचे दार उघडणे नव्हते. साध्या उपायांचे गुणगान करताना हे भान सुटू नये.

मद्रासचे गणिती

१९२४ च्या जानेवारीत मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल म्हणून शि. रा. रंगनाथन या गणिताच्या प्राध्यापकाची नेमणूक झाली. आरंभी त्यांना या कामाचा इतका कंटाळा आला, की आपल्याला पुन्हा शिकविण्याच्या कामावर पाठवावे अशी त्यांनी विनंती केली. त्याच वर्षी शिक्षणासाठी लंडनला गेल्यावर मात्र त्यांचे मत पालटले. तेथील एका मोठ्या दुकानात त्यांनी मेकॅनो हे खेळणे पाहिले. त्याच पट्ट्या आणि तेच स्क्रू घेऊन मुले वाटेल ते तयार करू शकतात, हे पाहून त्यांना वर्गीकरणाची नवी दिशा सुचली. प्रत्येक विषयाला आधीच एक घर बांधून ठेवण्याऐवजी विषयाचे सुटे भाग करावयाचे आणि ते द्विबिंदूने जोडून हवा तो विषय तयार करावयाचा. १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेली त्यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धत याच कल्पनेवर उभी आहे.

परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यांचे मोठे कार्य म्हणजे १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेली पाच सूत्रे. ग्रंथालयाच्या शेकडो नियमांना काही मूळ तत्त्वे असली पाहिजेत, या विचाराने त्यांना बरेच दिवस अस्वस्थ केले होते. १९२८ मध्ये आपले जुने गुरू एडवर्ड रॉस यांच्याशी बोलत असताना, ग्रंथ उपयोगासाठी आहेत हेच तुमचे पहिले सूत्र, असे त्या गणिताच्या प्राध्यापकाने सहज सुचविले आणि गाठ सुटली. हे सूत्र ऐकताना कोणालाही वाटेल, यात नवीन ते काय? पण त्याला कसोटी म्हणून लावून पाहिले, की अनेक वाद क्षणात मिटतात. ग्रंथालय गावाबाहेरच्या शांत जागी असावे की बाजारपेठेत? ते कचेरीच्या वेळेत उघडे असावे की कचेरी सुटल्यावर? कपाटे छतापर्यंत उंच असावीत, की उभ्या माणसाचा हात पोहोचेल एवढीच? कपाटांना कुलपे असावीत काय? युरोपात मध्ययुगात ग्रंथ साखळीने बांधून ठेवीत, आणि ती साखळी सुटली तरी तिचा स्वभाव कुलपाच्या रूपाने उरला, हे रंगनाथनांनी दाखवून दिले. वाचकाचा वेळ वाचवा, या चौथ्या सूत्राने तर देवघेवीच्या टेबलावरच्या प्रत्येक वहीला जाब विचारला.

त्याच वर्षी, म्हणजे १९३१ मध्ये, तंजावर जिल्ह्यातील मन्नारगुडीच्या परिसरात कनकसभै पिळ्ळै या अभियंत्यांच्या कल्पनेतून बैलगाडीवरील फिरते ग्रंथालय सुरू झाले. बडोद्याच्या पेटीला जणू चाके लागली. ज्या वाटेने मोटार जात नाही त्या वाटेने बैलगाडी जाते, आणि तिला लागणारा चारा गावातच मिळतो, एवढाच त्यामागचा विचार.

उपसंहार

१ ऑक्टोबर २०१५ रोजी अमेरिकेतील ओहायो येथील ओसीएलसी या संस्थेने ग्रंथालयांसाठी तालिकापत्रे छापणे कायमचे थांबविले. पत्त्याच्या पानापासून निघालेली सव्वादोनशे वर्षांची वाट तेथे संपली असे म्हणता येईल. आपल्याकडेही संगणक आला, पट्टीसंकेत आला; खिसे आणि खण अडगळीत गेले. तरी सुटी नोंद, विषयाला दिलेला आकडा आणि परतीच्या तारखेने लावलेला क्रम ही तिन्ही तत्त्वे संगणकाच्या पोटात जशीच्या तशी आहेत. साधन बदलले, उत्तर बदलले नाही.

मात्र नव्या साधनाबरोबर जुना मोहही परत येतो. ज्या माहितीचा कोणाला उपयोग नाही ती भरून घेणारे अर्ज, तीन ठिकाणी एकच नोंद, वाचकापेक्षा अहवालासाठी चालणारे काम, हे सर्व खतावणीचेच नवे अवतार होत. अशा वेळी अधिक गुंतागुंतीची पद्धत शोधण्याआधी कार्यकर्त्यांनी दोन प्रश्न स्वतःला विचारावेत : हे काम कोणासाठी चालले आहे? आणि यातले काय सोडून देता येईल? वर उल्लेखिलेल्या मंडळींनी याहून फारसे निराळे काही केले नव्हते.

शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी आपले ग्रंथालय स्थापन केले त्यांच्यापाशीही पैसा थोडा, जागा अपुरी आणि परमुलखात मराठी वाचक विखुरलेला, अशीच परिस्थिती होती. एखादी खोली, एखादे कपाट आणि संध्याकाळी दोन तास बसणारा एक हौशी कार्यकर्ता एवढ्यावर आपल्यासारख्या कितीतरी संस्था उभ्या राहिल्या. पुढील शतकात वाचक ग्रंथालयापर्यंत येत नसेल, तर पुन्हा एकदा पेटी भरून त्याच्या दारी जावे लागेल. पेटी कोणत्या आकाराची असावी, एवढेच काय ते आपल्याला ठरवावयाचे आहे.